बदकाच्या पिल्लाचं पुस्तक

"एका पानावर एकच ओळ असलेलं पुस्तक घ्या, आई," जावई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "चित्रावरून अर्थ कळायला हवा."

जर्मनीतल्या त्या वाचनालयात शालनताई घाबरून उभ्या होत्या. उन्हाळ्यात लेक आजारपणात गेली. मागे राहिली पाच वर्षांची ईवा. तिला मराठी येत नव्हतं आणि आजीला धड जर्मन. त्या जवळ गेल्या की ती दुसऱ्या खोलीत निघून जाई. ही पोर आपली कधी होणारच नाही, या धास्तीने त्यांना झोप लागत नसे. शेवटी त्यांनी बदकाच्या पिल्लाचं पुस्तक निवडलं. सुरुवातीच्या पानांवरचे शब्द तरी जर्मनच्या क्लासात शिकलेले होते.

घरी त्या मोठ्याने वाचू लागल्या. ईवा दारातूनच ऐकत होती. ताईंनी पान उलटलं. पिल्लू तळ्याकाठी एकटंच होतं. खाली लिहिलं होतं, ‘आई कुठे आहे?’

त्यांनी घाईघाईने पुस्तक मिटायला घेतलं, पण तोवर ईवा जवळ आली होती. पिल्लावर बोट ठेवून ती जर्मनमध्ये म्हणाली, "माझी पण सापडत नाही."

ताईंना सगळं कळलं. समजूत घालण्याइतकं जर्मन मात्र त्यांच्याकडे नव्हतं. येतील ते जर्मन शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "तुझी आई, माझी मुलगी. मी पण शोधते."

एक शब्द चुकला होता. ईवाने तो दुरुस्त केला, आजीच्या मांडीवर चढून बसली आणि म्हणाली, "आता परत म्हण."