दोनदा वाजलेला एक

टोरांटोच्या स्मृतिकेंद्रात जपलेली, गेलेल्या बाबांच्या मनाची प्रत आजही मालविकाशी तुटकच बोलली.

"चूक यंत्राची आहे, ताई," तंत्रज्ञ देवदत्त म्हणाला. "त्या शेवटच्या रात्री पावणेदोनला ते तुमच्यावर चिडले. दोनला हिवाळ्याची वेळ लागू झाली, घड्याळं तासभर मागे गेली, पुन्हा एक वाजला. मग सव्वा वाजता ते निवळले. यंत्र शेवटचीच प्रत ठेवतं; त्याला वाटलं, पावणेदोनचा राग नंतरचा. त्यानं तोच ठेवला, सव्वाची प्रत पुसली."

मालविकाला ती सव्वाची वेळ आठवत होती. निघताना ती "येते" म्हणाली, तेव्हा बाबांनी तिचा हात धरला होता. "ये गं."

तिनं पर्स उचलली. "येते, बाबा."

"जा," प्रत म्हणाली.

दाराशी ती थबकली. मग स्वतःच हळूच म्हणाली, "ये गं."