नाव घातलेली बाटली

फिरायला गेलेले सुखदेवराव लागोपाठ तिसरी बाटली बागेत विसरून आले, तेव्हा मैत्री वडिलांना हडपसरच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. "बाबा, ही निळी घ्या, चोवीस तास थंड ठेवते." "फिरतो तासभर. बाकीचे तेवीस तास कुणाला पाजू?" त्यांनी साधी, बिनरंगाची स्टीलची उचलली. "रंगावर नाव उठत नाही." घरातल्या चमच्यावरसुद्धा त्यांच्या बायकोने, शैलाने, स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. शेजारी गेलेली वाटी परतली नाही, तर ती त्यांना भरल्या ताटावरून उठवून आणायला धाडायची. ती गेली, वाट्या मात्र सगळ्या घरात राहिल्या. दुकानदाराने मशीन उचललं. "काय नाव घालू?" "बाबांचं, आणि मोबाईल नंबर," मैत्री म्हणाली. "नको. 'शैला' घाला." "हरवली तर आणून कोण देणार?" "तिच्या नावाचं भांडं विसरून घरी यायची माझी टाप आहे?"