दसऱ्याचं कुंकू

"ही तांबडी पूड कसली?" कंपनीच्या वकिलांनी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर ग्राहक आयोगापुढे उंच धरला.

तक्रार ऋजुताची होती. दसऱ्याला आईने नव्याकोऱ्या कंट्रोलरला कुंकू लावलं होतं. तेव्हापासूनच पडद्यावरची गाडी आपोआप डावीकडे वळायची.

"माल सदोष नाही, मॅडम. यांनीच बिघडवलाय."

मागच्या बाकावरून आई उठली. तिला खोटं बोलता येत नसे. ऋजुताने डोळे गच्च मिटले.

"मीच लावलं कुंकू. पूजेत ठेवला होता तो."

वकील हसले. अध्यक्षबाईंनी मात्र आपल्या संगणकाचा माऊस उचलून दाखवला. त्यावरही कुंकू होतं.

"याला दर दसऱ्याला लागतं," त्या म्हणाल्या. "याचा बाण कधी आपोआप पळाला नाही. हं, वकीलसाहेब, पुढे बोला."