आक्षेपार्ह भाषा

रविवारच्या सदरात लेखकमहाशयांनी बाहेरून आलेल्या माणसांना 'वाळवी' म्हटलं आणि 'ही कीड वेळीच ठेचा' असा सल्लाही देऊन टाकला. सोमवारी शेजारीण लिफ्टमध्ये सासूबाईंच्या सुनेला बघून बाहेरच थांबली, कारण सून बाहेरून आलेली.

"जाऊ दे ना, आई," घरी येऊन हे सांगताना सून म्हणाली.

"जाऊ दे कसं?" सासूबाईंनी शिवणयंत्र बाजूला सारलं, चष्मा चढवला आणि वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या वेबसाइटवर तक्रार ठोकली. पुरावा हवा म्हणून लेखातली चार वाक्यं जशीच्या तशी उतरवली.

चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. 'आपल्या मजकुरात द्वेष पसरवणारी भाषा आढळली आहे. सबब तक्रार स्वीकारता येत नाही.'

सुनेने कपाळावर हात मारला. "घ्या! आता काय करायचं?"

सासूबाईंचा चेहरा मात्र खुलला.



"अगं, निकाल लागला की! हेच उत्तर जोडून परत तक्रार टाक. लिही, 'भाषेबद्दल आपलं एकमत झालंय, आता ती लिहिली कुणी तेवढं बघा.'"