डेल्मरचा खोकला

डेल्मर पुन्हा खोकला. चांगला दणदणीत, टेबलावरचे कप हलतील असा.

समोर बसलेल्या लॉयल टॅगर्टचा घास हातातच राहिला. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. केप कॅनाव्हेरलच्या त्या हँगरमध्ये दोघांपुढे सारखाच नाश्ता होता, मांसाचा जाड तुकडा आणि अंडी. बाकी काहीच सारखं नव्हतं. डेल्मर हॅस्किन्स थोड्या वेळानं रॉकेटच्या टोकावर बसून आभाळात जाणार होता. लॉयल राखीव. नवरदेव आजारी पडला तरच याला बोहल्यावर चढवायचं, अशातलं काम.

आणि नवरदेव खोकत होता.

"काय रे?" लॉयलनं विचारलं.

"काही नाही," डेल्मर म्हणाला आणि दाराकडे तोंड करून आणखी एकदा खोकला. पलीकडच्या खोलीत डॉक्टर प्रुइट बसला होता.

लॉयल झटकन उठला आणि त्यानं दार लोटलं.

"राहू दे उघडं. कोंडल्यासारखं होतंय."

बावळट आहे, लॉयलच्या मनात आलं. वैमानिकांचा कायदा याला कुणी शिकवलाच नाही की काय? डॉक्टरच्या खोलीत गेलेला वैमानिक एक तर होता तसा बाहेर येतो, नाही तर कायमचा जमिनीवर राहतो. म्हणून मोडकी बरगडी लपवायची, दुखरा कान लपवायचा, आणि दुसऱ्याचंही झाकायचं. भीतीचा प्रश्नच नव्हता. ती कुणाला नसायचीच. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांदेखत एक रिकामं रॉकेट वर जाऊन फुटलं, तेव्हा सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं डेल्मर.

डेल्मरची तपासणी झाली आणि डॉक्टरनं लॉयलला बाजूला घेतलं.

"घसा तर स्वच्छ दिसतोय त्याचा. पण खोकला मी या कानांनी ऐकलाय. तुम्ही एका खोलीत झोपता. खरं सांग, आजारी आहे ना तो?"

लॉयल हिशेबी माणूस. नुसतं 'हो' म्हटलं की रॉकेटमधली खुर्ची आपली, हे त्याला कुणी समजावायला नको होतं. पेपरात फोटो, गावातल्या शाळेला नाव, उघड्या मोटारीतून मिरवणूक, शेजारी नव्या टोपीत बायको. ती टोपी तिनं आधीच घेऊन ठेवली होती.

"तो नव्हे, डॉक्टर," लॉयल म्हणाला. "खोकत होतो तो मी."

"तू?"

लॉयलनं खोकून दाखवलं. डेल्मरपेक्षा बरं जमलं.

"मग त्याच्या जवळपास फिरकू नकोस," डॉक्टर म्हणाला. "आणि पुढच्या उड्डाणाचं तर विसरच."

जन्मात पहिल्यांदा तोट्याचा सौदा केला आणि लॉयलची छाती फुगली. आता हा गडी आयुष्यभर आपलं नाव काढील. तोंडाला रुमाल लावून तो बोळाच्या टोकाला उभा राहिला.

डेल्मर चंदेरी पोशाखात बाहेर आला. दोन्ही बाजूंना कॅमेरे. तो हसत होता. लॉयल दिसताच तो सरळ त्याच्याकडे वळला.

"लांब राहा!" डॉक्टर ओरडला. "त्याला खोकला झालाय!"

"त्याचा खोकला माझ्या ओळखीचा आहे," डेल्मर म्हणाला. सगळे हसले.

तो अगदी जवळ आला. हातमोजा घातलेल्या हातानं त्यानं लॉयलचा दंड धरला. लॉयल आभाराची वाट बघत उभा.

ओठांवरचं हसू तसंच ठेवून डेल्मर पुटपुटला, "मला काही झालेलं नाही रे, लॉयल. भीती वाटते, हे कुणाला सांगणार? म्हणून डॉक्टरला खोकला ऐकवत होतो."

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या शिरस्त्राणाची काच लावून दिली.