पेशींची खोड मोडली

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि आनंदाने उडीच मारली. कातडीच्या कॅन्सरच्या त्या पेशी एक एन्झाइम सोडायच्या, भोवतालचं प्रथिनांचं जाळं विरघळवायच्या आणि वाट काढत सुटायच्या. एन्झाइमला हुकूम देणारा, त्यांच्या अंगावरचा रिसेप्टर बंद पाडण्यासाठी तिने घेतलेली सगळी मेहनत आजवर पाण्यात गेली होती. नव्या औषधाने मात्र पेशी जागच्या हलल्या नव्हत्या.

तिने तडक सासूबाईंना फोन लावला. त्या हातातलं काम सोडून धापा टाकत आल्या.

"आई, बघा. कालपासून तसूभरही सरकल्या नाहीत."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ भिंगातून बघितलं.

"या त्याच ना गं?"

"त्याच, आई."

सासूबाई खुदकन हसल्या आणि पेशींनाच दटावू लागल्या, "काय गं भवान्यांनो, माझ्या पाठीवरच्या तिळात होतात तेव्हा केवढा तोरा होता! डॉक्टरांनी कापून काढलं, तरी इथे येऊन हुंदडतच होतात. आता बसा माझ्या सुनेच्या धाकात!"