एक प्रश्न मागे

“आई, मी कोण?” पेतानं विचारलं.

मालिएनं अंगण झाडता झाडता हात थांबवला. “कोण म्हणजे? बोटीतून उतरून अजून तोंड धुतलं नाहीस, पण नारळाच्या दुधातली अळूची पानं अर्धी फस्त केलीस. अशी आमच्या घरात एकच आहे.”

पेताला हसू आलं नाही. ती ऑकलंडहून सावाईई बेटावर माहेरी आली होती ती आईला कायमची घेऊन जायला. हे आईला अजून सांगायचं होतं.

दर रविवारी चर्चनंतर आईला व्हिडिओ कॉल लागायचा. ऑकलंडहून पेता, ब्रिस्बेनहून तिचा धाकटा भाऊ सेफो. अलीकडे आईचं काहीतरी बिनसलं होतं. सेफोनं विचारावं, “जेवलीस का?” तर ती नुसती बघत राही. मग त्यानं विचारावं, “गुडघा कसा आहे?” तर ती म्हणे, “हो, पोटभर.” सुरुवातीला दोघं भावंडं हसली. मग हसेनाशी झाली. मागच्या महिन्यात पेतानं ऑकलंडची मावशी गेल्याचं सांगितलं, आणि आई खळखळून हसली.

त्याच संध्याकाळी सेफोचा फोन आला. “ताई, आई आता एकटी राहू शकत नाही गं. मी ठेवून घेतलं असतं, पण आमची जागा लहान. तूच घेऊन जा.”

आणि आता ही आई धडाधड बोलत होती. जावयाच्या पाठदुखीची चौकशी झाली. कोणाचं डुक्कर कोणाच्या मळ्यात शिरलं आणि त्यावरून कोणाची सोयरीक मोडली, हेही सांगून झालं. एक नाव चुकलं नाही.

पेतानं शेवटी धीर करून विषय काढला.

“ऑकलंडला?” मालिए म्हणाली. “तुझे बाबा इथं अंगणातल्या थडग्यात झोपलेत. त्यांना कुठं ठेवू? तुझ्या बाल्कनीत?”

“आई, तुला हल्ली विसरायला होतं.”

“मला? बरं, ते राहू दे. आमच्या चर्चचं गाणं ऐक आधी.” तिनं फोन काढून बोट टेकवलं. काही झालं नाही. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि खुशाल पानं चुरडायला घेतली. “लागेल. त्याला वेळ लागतो. म्हातारा झालाय बिचारा.”

पेता फोनकडे बघत राहिली. मग उठून थेट नीरफणसाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल लावला. “आई, हात वर कर!” ती हळूच म्हणाली. समोर ओट्यावर आई फोन धरून ढिम्म बसली होती. “आई, बाबांचं नाव काय?” तेवढ्यात आईनं हात वर केला.

पेता धावत परत आली आणि तिनं आईच्या हातातून फोन घेतला.

मग दुपारभर ती त्या फोनच्या मागे लागली. आत जागाच उरली नव्हती. चर्चची गाणी, लग्नं, मयती, शेजारच्या पोरांनी भरलेले खेळ, सगळ्या गावानं पाठवलेली शुभ सकाळ. पेता पुसत गेली, आई शेजारी बसून भांडत गेली. “ते नको काढू, त्यात बिशप घसरून पडलेत!” बिशप तेवढे राहिले. बाकीचं गेलं. कधीच बंद न केलेला फोन पेतानं बंद करून पुन्हा सुरू केला. आता बोट लागताच तो उघडत होता.

“आई, आम्हाला वाटलं, तुझं डोकं...” पेता म्हणाली.

“आणि मला वाटलं, तुम्ही शहरात जाऊन रीत विसरलात. एक विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, लगेच दुसरं. त्या दिवशी सेफोच्या विनोदाला मी हसले, तर तू रडत फोन ठेवलास. माझी बहीण गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांकडून कळलं.”

पेतानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मालिए थोपटत राहिली. ऑकलंडचा विषय संपला, हे दोघींनाही न बोलता कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर सेफोला कॉल लागला. चित्र स्वच्छ होतं, आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा.

“आई! किती छान दिसतेस! ताई आली ना? आता मजा आहे तुझी!”

“आहेच. फेतु कुठंय? सूनबाईला बोलव, कधीची दिसली नाही.”

सेफो हसत होता. हसणं तसंच ठेवून तो जरा थांबला. “ती... कामावर गेलीय.”

“रविवारी?”

पुन्हा तो थांबला. “हो. जादा पाळी.”

मालिएनं फोन डोळ्यांजवळ नेला. मुलाच्या मागची भिंत बघितली, खिडकी बघितली, मग त्याचा चेहरा.

“सेफो, माझा फोन आता पळतो. मग तुझं उत्तर यायला वेळ का लागतो?”

चित्र अडकलं नव्हतं. त्याच्या मागे पंखा फिरत होता.

“ती गेली, आई,” तो म्हणाला. “मुलांना घेऊन. बरेच दिवस झाले. तुला कळू नये म्हणून मी...” आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मालिएनं त्याला रडू दिलं. मग फोनवरची नजर न हलवता ती पेताला म्हणाली, “डुकरांकडे बघायला शेजारी सांगून ये, आणि माझी बॅग भर. ब्रिस्बेनला जायचंय.”